गवा दिसला नाही, गाव दिसलं: कोयनेच्या रानातले चार दिवस

दिवस पहिला: सातारा, कास, बामणोली

आप्पांना न्यायचं ठरलेलं नव्हतं. मी, कराडचा माझा मित्र आणि बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी पुतणी, असे तिघंच जाणार होतो. वासोटा किल्ला करायचा, नंतर कोयनानगरला जाऊन जंगली जयगड हा दुसरा किल्ला करायचा, चार दिवसांत परत. मित्राचे वडील आप्पा सत्तरीचे. रात्री गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय झोपत नाहीत. पण निघायच्या आदल्या रात्री जेवताना "मेट इंदवलीला उतरायचं" एवढे शब्द त्यांच्या कानावर पडले. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "मग मी बी येतो. त्या अंगाला माझं आजोळ व्हतं."

मित्राने डॉक्टरची भीती घातली, चढाची घातली, शेवटी अस्वलाची घातली. आप्पा म्हणाले, "अस्वलाला मी काय नवीन हाय का?" विषय तिथेच संपला.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जानेवारीतलं कास बघायला कुणी जात नाही, आणि ते बरंच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात जिथे फुलांपेक्षा गाड्या जास्त असतात तिथे आता वाळलेलं गवत, काळा पडलेला जांभा खडक आणि वारा. पुतणीला तरी त्यात बघण्यासारखं बरंच सापडलं. मातीचा थर वीतभरही नाही, पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात कातळ तापतो, म्हणून इथे मोठी झाडं येत नाहीत आणि त्यामुळेच फुलांना रान मोकळं मिळतं, असं तिने समजावून सांगितलं. २०१२ साली पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हे पठार आहे आणि आम्ही जाणार होतो ते कोयना अभयारण्यही. आप्पांनी पठाराकडे एक नजर टाकली. "गुरं चारायला बरं हाय," म्हणाले.

कास तलाव मागे टाकून रस्ता उतरायला लागतो आणि एका वळणावर खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय दिसतो. लांबच लांब, फाटे फुटलेलं, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं पाणी. नकाशात कोयना नदी गंमतशीर दिसते. बाकीच्या नद्यांप्रमाणे ती पूर्वेला पळत नाही. महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या धारेला बिलगून सरळ दक्षिणेला जाते, थेट हेळवाकपर्यंत. तिथे पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. धरण बांधलं ते या वळणाच्या जरा अलीकडे. त्यामुळे उत्तर-दक्षिण पसरलेलं सगळं खोरंच पाण्याने भरलं. पाण्याच्या अल्याड गावं, रस्ते, तंबूंची हॉटेलं. पल्याड नुसतं रान.

बामणोलीत वनखात्याच्या कार्यालयात ओळखपत्रांच्या झेरॉक्स देऊन परवाना घेतला, दुसऱ्या दिवशीची बोट ठरवली. पलीकडे मुक्काम करता येत नाही, जाऊन त्याच दिवशी परत यायचं. पूर्वी लोक गडावर, नागेश्वरच्या गुहेत राहायचे. आता तसं चालत नाही आणि माझ्या मते ते ठीकच आहे. माणूस रात्री जंगलात राहिला की शेकोटी पेटवतो, आणि शेकोटी पेटली की गाणी सुरू होतात.

जेवायला पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. आप्पांनी भाकरी उलटून-पालटून बघितली. "शहरातल्यांना आता पैसे दिऊन नाचणी खावी लागती. आम्हाला भात कधी मिळंल असं व्हायचं."

दिवस दुसरा: वासोटा

सहाला निघणारी बोट साडेसातला निघाली. बोटवाल्याला आणखी एक गट मिळणार होता, तो येईना, आणि एकट्या चौघांना घेऊन जाणं त्याला परवडेना. शेवटी आम्हीच थोडे पैसे वाढवून दिले. या दीड तासाची किंमत पुढे कळली.

पाण्यावर धुकं होतं. बोटीचं इंजिन एवढं वाजत होतं की बोलणं शक्य नव्हतं, आणि थंडी अशी की बोलावंसं वाटत नव्हतं. दीड तासाच्या त्या प्रवासात काठ हळूहळू बदलत जातो. आधी शेतं, कौलारू घरं, काठाला बांधलेल्या होड्या. मग डोंगर जवळ येतात, घरं थांबतात. पाणी आणि झाडी यांच्यामध्ये लाल मातीचा उघडा पट्टा दिसतो, कुणीतरी पट्टी ठेवून आखल्यासारखा. पाऊसकाळ संपला की पाणी उतरायला लागतं आणि हा पट्टा रुंदावत जातो. मे महिन्यात तर बोट लांब थांबते आणि चिखलातून चालत जावं लागतं, जुन्या देवळांचे दगडही वर येतात.

आप्पा पुढच्या फळीवर उपरणं कानाला गुंडाळून बसले होते. मध्येच त्यांनी उजवीकडे एका खाडीसारख्या फाट्याकडे हात केला आणि काहीतरी बोलले. इंजिनात ते विरून गेलं. मी जवळ सरकून विचारलं तेव्हा म्हणाले, "काय न्हाय. त्या टेकाडावनं उतरलं की मामाचं खळं लागायचं." टेकाड होतं. त्याखाली पाणी होतं.

धरणाचं काम १९५६ ला सुरू झालं आणि १९६४ ला पुरं झालं. आप्पा तेव्हा शाळकरी पोर. मामाचं घर ठाणे जिल्ह्यात गेलं, इतर भावकी कुठे कुठे. कोयनेची माणसं रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी सगळीकडे पांगली. "आईला मग पंचमीला जायला माहेरच उरलं न्हाई," आप्पा म्हणाले. एवढंच. मग तंबाखू काढली.

मेट इंदवलीला उतरलं की समोर वनखात्याची चौकी. इथला तपासणीचा सोहळा मला फार आवडला. सगळ्या पिशव्या उघडायच्या आणि प्लास्टिक मोजायचं. वनरक्षकाने वही घेऊन शांतपणे नोंद केली: पाण्याच्या बाटल्या ६, बिस्किटांचे पुडे ४, चिक्की ३, चिवड्याची पिशवी १, गोळ्यांची पाकिटं २. एकूण १६. अनामत रक्कम भरायची, परत येताना १६ मोजून दाखवायचे, पैसे परत. मित्राने विचारलं, "अहो, गोळ्यांचं पाकीटसुद्धा?" वनरक्षक म्हणाले, "साहेब, गव्याच्या पोटात गेलं तर त्याला डॉक्टर कुठनं आणू?"

इथेच एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे दिवसभर डोक्यात राहिली. गावाचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातली पहाऱ्याची वस्ती. गडावर जाणाऱ्या वाटेवर अशी मेटं असायची, तिथली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची, संशय आला तर वर वर्दी द्यायची. गाव उठलं, गड ओस पडला, पण मेट तिथेच आहे. आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या, नावं लिहून घेतली गेली, किती वाजता खाली यायचं ते सांगितलं गेलं. पहारा बदलला एवढंच.

चौकीपासून थोडं आत गेलं की ओढा लागतो. काठावर मारुती आणि गणपती, डोक्यावर छप्पर नाही. आप्पांनी चपला काढून नमस्कार केला, मग ओढ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि कुणाची वाट न बघता चालायला लागले. सत्तर वर्षांचे गुडघे आमच्या पुढे.

कोयना अभयारण्य १९८५ ला जाहीर झालं, सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचं. पुढे २०१० ला चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आकडे वाचून जंगल कळत नाही. इथे कळतं ते उजेडावरून. ओढा ओलांडल्यावर दहा मिनिटांत ऊन संपलं. नऊ वाजून गेलेले, डोक्यावर निरभ्र आकाश असणार, पण खाली संध्याकाळसारखा हिरवट अंधार. पायाखाली पानांचा ओलसर थर, वाट चांगली मळलेली. आवाज आमच्या पावलांचे, आणि मधूनच एखादी लांब, माणसाने घातल्यासारखी शीळ. शीळकरी कस्तूर, पुतणीने सांगितलं. ऐन विणीच्या दिवसांत तो पूर्ण गाणं म्हणतो, आत्ता नुसता गळा साफ करतो आहे.

या वाटेवर आप्पा आणि पुतणी यांची जुगलबंदी लागली. ती झाडाच्या पानाकडे, खोडाकडे बघून नाव सांगायची. आप्पा त्याचा उपयोग सांगायचे.

"अंजनी," ती म्हणायची. "फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात."

"टिकाव-कुदळीचा दांडा. मोडत न्हाय."

"हिरडा. टर्मिनॅलिया चेब्युला."

"ह्याचं पैसं व्हायचं. पोरं गोळा करायची, व्यापारी यायचा."

"ऐन. साल बघा कशी मगरीच्या पाठीसारखी."

"ह्याची राख शेताला. आन् ह्यो गेळा, ह्याच्या फळानं मासं झिंगत्यात."

शेवटचं तिने वहीत लिहून घेतलं. नंतर शोधलं तेव्हा बरोबर निघालं.

अर्ध्या तासाने आप्पा थांबले. मला वाटलं दमले. ते वाटेच्या डावीकडे बघत होते. मी बघितलं तर झाडं, दगड, पालापाचोळा. "बांध," ते म्हणाले. मग दिसलं. दगडांची एक बुटकी ओळ, उताराला आडवी, तिच्यावर वीस-पंचवीस पावलांवर दुसरी, तिच्यावर तिसरी. प्रत्येक ओळीमागे जमीन जराशी सपाट. त्या सपाटीवर आता मांडीएवढ्या बुंध्याची झाडं उभी होती. कधीकाळची नाचणीची, वरीची खाचरं. एका ओळीच्या टोकाला प्रचंड आंबा होता, जंगली आंब्यासारखा सरळसोट न वाढलेला, खालूनच फांद्या फुटलेला. पोरं चढतात म्हणून असा झालेला. मी एकटा आलो असतो तर "काय घनदाट अरण्य!" असं मनात म्हणून पुढे गेलो असतो. याआधी दोनदा तसाच गेलो होतो.

पुतणीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला वाईट वाटतं का हे बघून?"

आप्पांनी विचार केला. "वाईट कशाचं? पावसाळ्यात चार म्हैनं सूर्य दिसत नव्हता. हिवतापानं माणसं जायची. बाळंतीण अडली तर डोलीत घालून डोंगर उतरायचा, तवर काय व्हायचं ते व्हायचं. जाग्यावर काय सोनं न्हवतं." जरा थांबून म्हणाले, "पर इचारलं नव्हतं कुणी."

पुढचा चढ छातीवरचा. मोकळी जागा आली की गवा कधीतरी इथे असतो, या आशेने आम्ही थांबायचो. गव्याचं शेण दिसलं, चिखलात उमटलेला खूर दिसला, एका खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसले. आणि एक शेकरू. आधी वरून कुरतडलेल्या सालींचे तुकडे पडले, मग फांदीवरून खाली लोंबणारी भलीमोठी झुबकेदार शेपटी दिसली. त्याने आमच्याकडे बघून खट्‌-खट्‌ असा आवाज केला, दुसऱ्या झाडावर लांब उडी घेतली आणि गेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. एकूण दर्शन पाच-सहा सेकंद.

वाट फुटते तिथे, जिथून एक नागेश्वरला जाते, घड्याळ बघितलं आणि नागेश्वरचा बेत रद्द केला. डोंगराच्या त्या गुहेत महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याकडून लोक चढून येतात. वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात करायचं तर बोट सहाला सुटायला हवी. तो दीड तास इथे गेला.

जंगल संपून करवंदीच्या जाळ्या लागल्या, मग पायऱ्या, मग पडके दरवाजे. एकदम डोळ्यांवर ऊन आलं. समोर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ. साडेअकरा वाजले होते. आप्पा तिथल्या दगडावर बसले, म्हणाले, "तुम्ही फिरून या. मारुतीला सोबत लागती."

वासोट्याची उंची साधारण ११७१ मीटर. गड जुना, शिलाहारांच्या काळातला मानतात. शिवाजी महाराजांनी त्याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. इथली लढाई फार कमी, कैद जास्त. राजापूरच्या वखारीत पकडलेले इंग्रज इथे ठेवले होते. पुढे १८१७-१८ च्या इंग्रज-पेशवे युद्धात पेशव्यांनी पकडलेले मॉरिसन आणि हंटर हे दोन कंपनीचे अधिकारी इथेच होते, आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची मंडळीही. का ते गडावर उभं राहिलं की कळतं. भिंत कशाला हवी? चारी बाजूंना कडे आणि कड्यांखाली हे रान. पळून जाणार कुठे?

या गडावरची खरी गोष्ट मात्र ताई तेलिणीची. परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधी पेशव्यांच्या विरोधात गेले, पकडले गेले. त्यांची ही रखेली. तिने वासोटा धरला आणि पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांच्या फौजेला सात-आठ महिने दाद दिली नाही. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा गड पडला. तिच्या नावाने लोकांनी जोडलेलं कवन अजून म्हणतात: "श्रीमंत पंतप्रतिनिधींचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा." पुतणीला कासोटा शब्दाचा अर्थ सांगितल्यावर ती पाच मिनिटं हसत होती.

महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, वाड्यांची जोती, चुन्याचा घाणा असं सगळं गवतात लपलेलं आहे. आम्ही ते भराभर बघितलं, कारण बाबूकड्याला वेळ द्यायचा होता. आणि दिला. झाडीतून वाट बाहेर येते आणि एकदम जमीन संपते. घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कडा, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर, मध्ये नुसती हवा. त्या हवेत खाली एक गरुड फिरत होता आणि आम्हाला त्याची पाठ दिसत होती. पक्ष्याची पाठ बघायला मिळणं ही सह्याद्रीच्या कड्यांची खासियत आहे. समोरच्या जुन्या वासोट्यावर आता दाट रान आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्याच उंचीवर तोफा चढवल्या आणि इकडे गोळे टाकले. गड शरण आला. त्या उतारावरून तोफा वर कशा नेल्या असतील याचा मी तिथे बसून बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही. पश्चिमेला खाली कोकण, धुरकट. रसाळगड, सुमारगड, महिपतगडाची रांग ओळखता आली.

परत आलो तर आप्पा मारुतीपुढे आडवे होऊन घोरत होते.

उतरायला दोन तास लागले. चौकीवर परत मोजणी. वनरक्षकाने वही उघडली, आम्ही पिशव्या रिकाम्या केल्या. १५. परत मोजले. १५. चिक्कीचा एक कागद नव्हता. मित्र चिडला, "एका कागदासाठी..." वनरक्षक काही बोलले नाहीत, वहीवर पेन ठेवून उभे राहिले. त्या गप्प बसण्याला उत्तर नव्हतं. मी वाटेवर परत जायची तयारी करत होतो, तेवढ्यात आप्पांनी बंडीच्या खिशातून तंबाखूचा बटवा काढला. त्यात चिक्कीच्या कागदाची व्यवस्थित पुडी, आणि पुडीत चुना. "डबी गळत व्हती," ते म्हणाले. चुना तळहातावर काढून घेतला आणि कागद टेबलावर ठेवला. १६.

पैसे परत घेताना मी विचारलं, "वाघ आहे का हो इथे?" ते म्हणाले, "कॅमेऱ्यात येतो कधीमधी. त्याला तुम्ही दिसला असाल, तुम्हाला तो दिसायचा नाही."

दिवस तिसरा: कोयनानगर

हा दिवस गाडीत गेला. पाण्यातून सरळ दक्षिणेला गेलं तर कोयनानगर, पण रस्त्याने सातारा, उंब्रज, पाटण असा वळसा. आप्पांना कराडजवळ घरी सोडायचं ठरलं होतं. उंब्रजला चहा प्यायलो तेव्हा ते म्हणाले, "आता आलोच हाय तर धरण बी बघतो." मित्राने काही बोलायचं सोडून दिलं.

१०३ मीटर उंच भिंत. मागे काल ज्याच्यावरून बोटीने गेलो तेच पाणी. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं: इथे जो भूकंप झाला त्यात कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. पुढे त्याचं मजबुतीकरण झालं. जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नासाठी जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ अजूनही कोयनेचं नाव घेतात. आप्पांना ती पहाट आठवत होती. कराडकडच्या घरातही भांडी फळीवरून पडली, म्हशी दाव्याला हिसडे द्यायला लागल्या, आणि त्यांच्या आईने अंधारात पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "बरं झालं, माझी माणसं तिथनं उठली."

दिवस चौथा: जंगली जयगड

समुद्रावरचा एक जयगड रत्नागिरीकडे आहे, म्हणून हा जंगली. नवजा गावातून वाट. परवाना कोयनानगरला काढला, गावातून एक वाटाड्या घेतला. वाटाड्याशिवाय जाऊ नका. इथे वासोट्यासारखी वर्दळ नाही आणि गुरांच्या, गव्यांच्या, माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळतात.

मला हे रान वासोट्याहून जास्त आवडलं. चढ फारसा नाही, पण झाडी तितकीच दाट, आणि दिवसभरात आमच्याशिवाय एकही माणूस नाही. कारवीच्या झुडपांतून वाट काढताना पुतणीला बाहीवर तीन गोचिडी मिळाल्या, मला मानेवर एक. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. यंदा तिचा बेत नव्हता. वाटाड्याने एका जागी हात वर करून थांबवलं. बांबूच्या आड काहीतरी मोठं, जड हललं, काटक्या मोडल्या, आणि धाडधाड आवाज करत उतारावर गेलं. "गवा," तो म्हणाला. दिसला नाही. नुसता वास राहिला, गोठ्यासारखा.

गड म्हणजे सह्याद्रीच्या धारेतून पश्चिमेकडे पुढे आलेलं एक अरुंद नाक. पडकी तटबंदी, उघड्यावरची देवी, एक टाकं. टोकापर्यंत गेलो. तिन्ही बाजूंना दरी, आणि खाली कोळकेवाडीचा जलाशय चमकत होता.

मित्र अभियंता आहे, त्याने आप्पांना सगळं नीट समजावलं. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून इकडे कोकणाच्या बाजूला सोडतात. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे, तिथे ते उंचावरून पडतं, वीज होते, मग या कोळकेवाडीत साठतं, परत वीज, आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. नदी मूळची कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणारी. तिचं बरंचसं पाणी आता उलट्या दिशेला जातं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. खालच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी मामाच्या खळ्यावरचं पाणी ते हेच."

"तसंच म्हणा."

"त्येचं बी पुनर्वसन कोकणातच केलं म्हण की."

मित्र हसायला लागला, मग आम्ही सगळेच. आप्पा नाही हसले. त्यांनी बटवा काढला, तंबाखू मळली, चुना शोधायला लागले. डबी अजून गळतच होती. पुतणीने पिशवीतून चिक्कीचा रिकामा कागद काढून पुढे केला.

आप्पा कागदाकडे बघत राहिले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "खाली मोजाय लागंल."

नवज्यात कुणी काहीच मोजलं नाही.